दर्या परत करतो आहे

नको असलेली वस्तू समुद्रार्पण केली की ती संपली, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. 'अथांग' हा शब्दच असा की, त्याच्या पोटात काहीही सामावेल असे वाटावे. परंतु समुद्रशास्त्रज्ञांनी अलीकडे जे पुरावे मांडले आहेत, ते या समजुतीला मुळापासून हादरा देणारे आहेत. आयर्लंडमधील गॉलवे येथील संशोधकांनी वायव्य अटलांटिक महासागरातील मध्यम खोलीच्या पाण्यातले २३३ मासे तपासले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, त्यांतील ७३ टक्के माशांच्या पोटात प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आढळले. जेथे सूर्यप्रकाश जेमतेम पोहोचतो, तेथे आमचा कचरा मात्र बिनदिक्कत पोहोचला आहे!

प्लॅस्टिक कुजत नाही. उन्हाने आणि लाटांच्या माऱ्याने त्याचे केवळ तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरहून लहान झालेल्या या कणांवर शेवाळ व जीवाणूंचा थर चढतो, ते जड होतात आणि सेंद्रिय गाळाबरोबर हळूहळू खाली उतरतात. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे कण पृष्ठभागापेक्षा २०० ते ६०० मीटर खोलीवर अधिक आढळले. पृष्ठभागावर दिसेनासे झालेले प्लॅस्टिक नाहीसे झालेले नसते, हाच याचा अर्थ.

आणि खाली गेलेले तेथेच राहते, असेही नाही. अंगावर प्रकाशाचे ठिपके मिरवणारे कंदीलमासे दिवसा शेकडो मीटर खोलीवर राहतात आणि रात्री अन्नाच्या शोधात वर येतात. आमच्या अरबी समुद्रात त्यांची संख्या प्रचंड आहे. बोटाएवढ्या या माशांवर माकूल, कुपा आणि डॉल्फिन जगतात. समुद्राचा तळ आणि पृष्ठभाग यांना जोडणारी ही रोजची वाहतूक आहे. तिच्यातून अन्नाबरोबर प्लॅस्टिकही एका पोटातून दुसऱ्या पोटात जाते.

गोमंतकीयाच्या ताटात मासळी नसेल तर ते जेवणच नव्हे. म्हणून हा प्रश्न आम्ही केवळ शास्त्रज्ञांचा मानत नाही. साळ नदीच्या मुखाजवळच्या मासळीत आणि शिंपल्यांत असे कण असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे. मोठ्या माशाचे आतडे आपण काढून टाकतो. पण तिसऱ्या आणि शिणाणे आपण अखंडच खातो. मानवी आरोग्यावर याचा नेमका परिणाम किती, याचा निर्णय शास्त्राने अद्याप दिलेला नाही. तेव्हा मासळी सोडून देण्याची घबराट पसरविणे अनुचित होय. परंतु निर्णय येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणे, हे त्याहून अनुचित होय.

एकदाच वापरावयाच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. ती बाजारात किती पाळली जाते, हे प्रत्येकाने आपल्या पिशवीत डोकावून पाहावे. जागतिक करारासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेली परिषदही तोडग्याविना उठली. मोठी राष्ट्रे भांडत असताना छोट्या राज्याने काय करावे, असा प्रश्न विचारला जाईल. आमचे उत्तर सरळ आहे. मालीम, कुटबण, शापोरा येथील जेट्ट्यांवर निकामी नायलॉनची जाळी मोबदला देऊन परत घ्यावीत. मांडवी व झुवारीत मिळणारे नाले मुखाशीच गाळावेत. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडून आमच्या किनाऱ्यावरील मासळीची, त्याचबरोबर खोल पाण्यातील कंदीलमाशांचीही, नियमित तपासणी करवून घ्यावी आणि तिचे आकडे लोकांपुढे ठेवावेत.

मच्छीमाराला यात आरोपी ठरवून भागणार नाही. सुताची जाळी जाऊन नायलॉनची आली, ती त्याच्या हट्टाने नव्हे. दर्यात जाणारा कचरा आम्हां सर्वांच्या घरांतून, हॉटेलांतून आणि बाजारांतून निघतो. दर्या कुणाचे ठेवून घेत नाही, असे किनाऱ्यावरची वडीलधारी माणसे म्हणत आली. आम्ही दिलेले तो आज परत करू लागला आहे. यापुढे त्याला काय द्यावयाचे, एवढेच ठरविणे आमच्या हाती उरले आहे.