लेक शिकवणारी होऊ द्या

भगिनींनो, लेक परिचारिका होऊन नोकरीला लागली, की आपण म्हणतो, "शिक्षण झालं, आता लग्नाचं बघू." जरा थांबा.

सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय डॉ. सुशीला नायर यांनी अवघ्या १५ खाटांवर सुरू केले. १९६९ मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालय झाले. आज तेथे नर्सिंग महाविद्यालयही आहे. अशा महाविद्यालयांना शिकवणाऱ्या परिचारिका लागतात.

४ वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग, नोंदणी आणि वर्षभराचा अनुभव झाला, की २ वर्षांची एम.एस्सी. करता येते. जी.एन.एम. झालेल्या मुलीने आधी २ वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावी.

एक परिचारिका एक वॉर्ड सांभाळते. शिकवणारी वर्गच्या वर्ग घडवते. सगळेच धान्य आपण बाजारात नेत नाही, बियाण्याला राखतोच ना? तशी ही २ वर्षे लेकीसाठी राखा.