मुलूखमैदान आणि तिचा कर्ता

उदगीर, औसा, परांडा हे मराठवाड्याचे किल्ले ज्या काळी एका दरबाराच्या अंमलातून दुसऱ्याच्या अंमलात जात होते, त्या काळातील शस्त्रविद्येचा सर्वांत भव्य अवशेष म्हणजे मुलूखमैदान तोफ. आणि ती ओतणारा मुहंमद बिन हसन रूमी हा अहमदनगरच्या निजामशहाचा चाकर, धन्याच्या नावासोबत तोफेवर कोरलेल्या आपल्या नावानेच आज ओळखला जातो. साल 1549.

लांबी 14 फुटांहून अधिक, वजन सुमारे 55 टन, नळीचा व्यास 2 फूट 4 इंच, आणि तोंडाशी हत्तीला दाढांत चिरडणारा सिंह. तिच्या धातूत सुमारे चार भाग तांबे व एक भाग कथील आहे. हे प्रमाण घंटेचे. तोफेला कथील याच्या निम्मे पुरते, कारण ते वाढले की धातू कठीण होतो, पण ठिसूळही. अशा धातूचा एवढा रस साच्यात उतरवून तो निवताना तडा जाऊ न देणे ही असामान्य विद्या होय, हे मी निःसंकोच म्हणतो. परंतु जेथे एकाच माणसाची मर्जी हीच राज्याची सनद असते, तेथे गुणी माणसाची बुद्धी युद्धाच्या गरजेपेक्षा धन्याच्या वैभवाकडे वळते. हिटलरच्या जर्मनीत क्रुप कारखान्याच्या अभियंत्यांनी 80 सेंटिमीटर व्यासाची ‘गुस्ताव’ तोफ घडविली. 1942 मध्ये सेवास्तोपोलवर 48 गोळे टाकण्यापलीकडे तिच्या हातून फारसे काही घडले नाही. चार शतकांच्या अंतराने व्यासातला फरक अवघा नऊ सेंटिमीटरांचा!

मुलूखमैदान पुढे परांड्याहून 1632 मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने विजापुरास नेली, आणि 1686 मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकून तिच्यावर आपला विजयलेख कोरविला. ज्यांच्यासाठी ती ओतली, त्यांची निजामशाही त्यापूर्वीच अर्धशतक बुडाली होती. लढाईला हवे होते ते निराळेच. 3 फेब्रुवारी 1760 रोजी उदगिरास पेशव्यांचे सेनानी सदाशिवरावभाऊ यांच्यापुढे हैदराबादच्या निजामाने हार मानली, तेव्हा भाऊंच्या बाजूस फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेले इब्राहिमखानाचे गारदी होते, आणि फौजेबरोबर फिरणाऱ्या हलक्या तोफा. साठ लक्षांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड यांसारखे किल्ले पेशव्यांच्या पदरी पडले.

1854 मध्ये इंग्रज अंमलदारांनी निरुपयोगी सामान म्हणून मुलूखमैदानाचा लिलाव पुकारला. सर्वांत मोठी बोली आली 150 रुपयांची, म्हणून विक्री थांबली आणि तोफ विजापुरातच राहिली.