डीडीआर घरी खेळताय? आधी पावलं सुधारा!
कोनामीचा नाचाचा व्हिडिओ गेम 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' (डीडीआर) 1998 साली जपानच्या आर्केडमध्ये आला आणि 1999 मध्ये प्लेस्टेशनवरून घरात. पडद्यावर बाण येतील तसे पायाखालच्या मॅटवरचे बाण दाबायचे. बाण फक्त चार, तरी नवखा दोन गाण्यांत घामाघूम! दोष ताकदीचा नाही, सवयीचा.

1. दर बाणानंतर मधल्या चौकोनात परतू नका. पावलं दुप्पट होतात. पाय बाणांवरच राहू द्या. नुसता पाय ठेवल्याने गुण कापले जात नाहीत.

2. डावा, उजवा, डावा, उजवा. पाय आलटून-पालटूनच टाका.

3. मग क्रॉसओव्हर. डावा, खालचा, उजवा असे बाण आले, तर डावा पाय डावीकडे, उजवा खाली आणि पुन्हा डावाच पाय पुढून उजव्या बाणावर. कंबर उजवीकडे वळवा, तोल आपोआप सांभाळला जातो. आधी गाण्याशिवाय, सावकाश करून बघा.

4. टाच आपटू नका, चवड्याने हलकेच दाबा. गुडघे वाचतात, खालच्या मजल्यावरचे शेजारीही!

5. पडद्यावर बाणांची गर्दी वाटली तर बाण सरकण्याचा स्पीड वाढवा. गाण्याचा वेग तोच राहतो, बाण मात्र सुटे दिसतात.

घडीची मॅट सरकत असेल तर प्लायवूडवर टेपने चिकटवा. कन्सोल नसेल तर संगणकावर 'स्टेपमेनिया' हा तसाच खेळ मोफत मिळतो. आजच एक सोपं गाणं लावा आणि फक्त दुसरा नियम पाळून बघा!