मोहाडीच्या उन्हात घरगुती ससेपालन

मांसासाठी पाळला जाणारा ससा आणि धानाच्या बांधावरून उड्या मारत पळणारा ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. रानसशाची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, तर पाळीव सशाची उघडीबोडकी आणि आंधळी. या दोघांचा संकरही होत नाही. कायद्यातही फरक आहे. रानसशाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून त्याची शिकार हा गुन्हा आहे. मोहाडी ज्या भंडारा जिल्ह्यात आहे तिथेच कोका अभयारण्य आहे, म्हणून हे आधी सांगायला हवे. मांसावरूनही ओळख पटते. पाळीव सशाचे मांस कोंबडीसारखे पांढुरके असते आणि रानसशाचे गडद लाल.

मांसासाठी न्यूझीलंड व्हाईट, सोव्हिएत चिंचिला, व्हाईट जायंट आणि ग्रे जायंट या जाती भारतात चालतात. राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे कोडाईकनालजवळ मन्नवनूर येथे केंद्र असून तिथे मांसाच्या जातींवर काम होते. मात्र थंड डोंगरावरचे ससे थेट वैनगंगेकाठी आणणे शहाणपणाचे नाही. नागपूर-भंडारा पट्ट्यात एक उन्हाळा काढलेल्या सशांची पिल्ले घेतलेली बरी.

मोहाडीत खरी अडचण उन्हाचीच आहे. सशाला घाम जवळजवळ येत नाही. अंगातली उष्णता तो कानांवाटे आणि श्वासावाटे बाहेर टाकतो. 15 ते 25 अंश तापमान त्याला मानवते. तिशीनंतर तो खाणे कमी करतो आणि पस्तिशीनंतर जिवावर बेतू लागते. मे महिन्यात इथला पारा 45 च्या घरात जातो. उन्हाचा तडाखा बसलेला नर जिवंत राहिला तरी काही आठवडे कामाचा नसतो, त्यामुळे मे सरला तरी जुलैपर्यंत माद्या रिकाम्या राहतात. म्हणून पिंजरे टिनाच्या छपराखाली ठेवू नयेत. कौलारू पडवी किंवा कडुनिंबाची दाट सावली आणि बाजूने ओले गोणपाट, एवढी सोय हवीच. उन्हाळ्यात माद्यांना नर न दाखवणेच उत्तम. वर्षातली चार वेतं मिळाली तरी पुरे.

एका मोठ्या सशाला साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पिंजरा लागतो. तळाला अर्ध्या इंचाची जाळी असली की लेंड्या खाली पडतात आणि निम्मे आजार तिथेच टळतात. बसायला एका कोपऱ्यात लाकडी फळी द्यावी, नाहीतर मागच्या पायांचे तळवे सोलवटतात. पिंजरा जमिनीपासून अडीच फूट उंच असावा, कारण बोका, मुंगूस आणि साप यांना पिल्लांचा वास लवकर लागतो. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्याही चढत नाहीत.

खाद्याच्या बाबतीत मात्र मोहाडी सुदैवी आहे. राईस मिलचा कोंडा, तांदळाची कणी, जवसाची ढेप आणि मका यांचा खुराक घरीच होतो. सोबत बरसीम, लसूणघास, हदग्याचा पाला द्यावा. सुबाभूळ थोडीच द्यावी. बांधावरचे गवत कापताना धानावर औषध फवारले आहे का, हे विचारून घ्यावे. ओले गवत तसेच घातले तर पोट फुगते आणि सशाला ओकता येत नाही. सुकवलेले तणस विणीच्या खोक्यात अंथरायला उपयोगी पडते.

मादी पाच-सहा महिन्यांची झाली की तिला नराच्या पिंजऱ्यात न्यावे. उलट केले तर ती आपल्या जागेत आलेल्या नराला ओरबाडते. गाभण काळ 31 दिवसांच्या आसपास असतो. अठ्ठाविसाव्या दिवशी खोके ठेवले की ती पोटावरचे केस उपटून त्यात गादी करते. पाच ते आठ पिल्ले होतात. मादी दिवसातून साधारण एकदाच, तेही काही मिनिटेच दूध पाजते. त्यामुळे तिने पिल्ले टाकली असा समज होतो. पिल्लू हातात घेऊन पाहावे. पोट गोल, ताठ असेल आणि पातळ कातडीखाली पांढरे दूध दिसत असेल, तर काळजीचे कारण नाही.

पावसाळ्यात कॉक्सिडियोसिसची हगवण लागते आणि कानात खरूज होते. तशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकाला दाखवावे. कापल्यावर यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर यकृत टाकून द्यावे.

बारा आठवड्यांत ससा दोन किलोच्या आसपास भरतो आणि त्यातून किलोभर मांस मिळते. तीन माद्या, प्रत्येकी चार वेतं आणि दर वेताला जगलेली पाच पिल्ले धरली तर वर्षाला साठ किलो, म्हणजे आठवड्याला किलोभर मांस झाले. घरच्या गरजेला एवढे भरपूर आहे. या मांसात चरबी कमी असल्याने नुसते भाजले की ते कोरडे पडते. कोष्टी घरांतून आलेला सावजी रस्सा आणि त्याची तेलाची तर्री त्याला नेमकी मानवते.

विक्रीचा हिशोब निराळा. त्यासाठी अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी लागते आणि गावात सशाचे मांस मागणारे गिऱ्हाईक मोजकेच. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या 2021 च्या सुधारित उद्योजकता योजनेत कोंबडी, शेळी, मेंढी आणि डुक्कर यांना जागा मिळाली, सशाला नाही. महागडा संच विकून पिल्ले परत घेण्याची हमी देणाऱ्यांपासून तर लांबच राहावे. 2019 मध्ये सांगलीकडे उघडकीस आलेले कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण याच वाटेने गेले होते.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी ऑक्टोबरमध्ये एक नर आणि तीन माद्या आणाव्यात, साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी विचारपूस करावी आणि एक मे महिना पार पडल्याशिवाय चौथी मादी घेऊ नये.