स्तनार्बुदाची प्रगत अवस्था : चिकित्सेची दिशा

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात अर्बुद हे स्थिर, मंद वेदनेचे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे असते, असे वर्णिले आहे. स्तनातील गाठीकडे महिनोन्‌महिने दुर्लक्ष का होते, याचे उत्तर या वर्णनातच आहे : ती दुखत नाही. रुग्णा वैद्याकडे येते तेव्हा पुष्कळदा त्वचा ओढलेली असते, काखेत गाठी लागतात, क्वचित व्रणही झालेला असतो.

‘प्रगत’ या एका शब्दात दोन निराळ्या अवस्था मोडतात. व्याधी स्तन, त्वचा व काख यांपुरता असल्यास तो बरा होण्याची आशा असते. अशा वेळी प्रथम केमोथेरपीने गाठ लहान करून मग शस्त्रकर्म व किरणोपचार करतात. अस्थी, फुप्फुस वा यकृतात पसरलेला व्याधी मात्र आपल्या परिभाषेत याप्य समजावा.

या दुसऱ्या अवस्थेत नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो : गाठ काढून का टाकत नाहीत? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी 2005 ते 2013 या काळात नेमका हाच प्रश्न तपासला. आरंभीच्या औषधोपचाराला प्रतिसाद दिलेल्या 350 स्त्रियांपैकी एका गटात स्तन व काखेवर शस्त्रकर्म आणि किरणोपचार झाले, दुसऱ्यात नाहीत. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मध्यक आयुर्मान अनुक्रमे 19.2 व 20.5 महिने होते. म्हणजे गाठ काढल्याने आयुष्य वाढले नाही. चिघळलेल्या, रक्तस्रावी व्रणासाठी शस्त्रकर्म करावे लागते, पण ते उपशमनार्थ.

येथे मुख्य आधार औषधांचाच, आणि ती बायोप्सीवरील संप्रेरक-ग्राही व हर-2 तपासणीवरून ठरतात. ग्राही अनुकूल असतील तर काही रुग्णा केवळ गोळ्यांवर कित्येक वर्षे बऱ्यापैकी राहतात. अस्थिशूलास किरणोपचार व तोंडाने घ्यावयाचे मॉर्फीन उपयोगी पडते. मॉर्फीन म्हणजे अखेर, हा समज आपणच दूर केला पाहिजे.

वैद्याचे स्थान अग्निमांद्य, मलावष्टंभ, निद्रानाश, पथ्य आणि धीर देणे यांत आहे. तेही कर्करोगतज्ज्ञांना कळवूनच. यकृत व वृक्कांवर भार नको म्हणून भस्मे टाळावीत. शतावरीत इस्ट्रोजेनसदृश गुणाची शंका असल्याने संप्रेरक-ग्राही रुग्णेत ती सवयीने लिहू नये. निदान न झालेल्या गाठीवर लेप, जलौका वा अग्निकर्म करीत घालविलेले महिने परत मिळत नाहीत.

आपल्या शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 पासून आहे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. रुग्णा पाठविताना चिठ्ठीवर गाठ प्रथम केव्हा जाणवली आणि आपण कोणती औषधे किती दिवस दिली, हे स्पष्ट लिहावे.