विंडोज टाकताना पीसी मध्येच बंद पडतोय? आधी रॅम तपासा

पार्ट मागवून घरीच पीसी जोडणारी मुले सातारा-सांगलीतही आहेत. जोडणी नीट होते, पण विंडोज टाकताना कधी २० टक्क्यांवर, कधी ६० टक्क्यांवर निळी स्क्रीन येते. संशय जातो पेनड्राइव्हवर, मग एसएसडीवर. मात्र दर वेळी वेगळ्याच टप्प्यावर अडत असेल, तर दोष बहुधा रॅममध्ये असतो. इन्स्टॉलेशनच्या फाइल्स रॅममध्येच उलगडतात. तिथे एक बिट चुकला तरी फाइल बिघडते.

बायोसमध्ये रॅमचा वेग वाढवणारे एक्सएमपी बंद करा. स्टिक एकेक करून लावा, स्लॉटही बदलून पाहा. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एक जरी एरर आली, तरी स्टिक बदलून घ्या. तीही ऑनलाइन खरेदीची परतीची मुदत संपण्याआधी. नंतर वॉरंटीसाठी पुण्याची चक्कर पडू शकते.