घर कशामुळे घर ठरतं?

आज एकाच घराविषयी बोलू या. लंडनमध्ये प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोड आहे. तिथलं दहा नंबरचं घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, एका ओळीत बांधलेल्या घरांपैकी एक. बांधलं ते राहण्यासाठी. १९२१-२२ मध्ये तिथं एक भारतीय विद्यार्थी राहत होता, तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होता. भीमराव रामजी आंबेडकर.

महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये हे घर विकत घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. पुढं गंमत बघा. इंग्लंडमध्ये घर तुमच्या मालकीचं असलं, तरी त्याचा वापर बदलायला स्थानिक परिषदेची परवानगी लागते. राहतं घर आणि संग्रहालय हे कायद्याच्या दृष्टीनं दोन वेगळे वापर. कॅम्डेन परिषदेनं परवानगी नाकारली. राहण्याची जागा कमी होते, हे तिचं मुख्य कारण. काही शेजाऱ्यांची वर्दळीबद्दल तक्रार होती. प्रकरण जाहीर चौकशीपर्यंत गेलं आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी परवानगी दिली.

आता तत्त्वज्ञानाचा प्रश्न असा, की भिंती त्याच, छप्पर तेच, मग बदललं काय? ॲरिस्टॉटल घराचंच उदाहरण घेतो. तो म्हणतो, दगड, विटा, लाकूड एवढंच सांगितलंत, तर तुम्ही फक्त घराची शक्यता सांगितलीत. माणसांना आणि वस्तूंना आसरा देतं, असं म्हणालात की खरं घर सांगितलंत. म्हणजे घर ठरतं ते त्याच्या कामावरून. या हिशेबानं परिषदेचा आक्षेप क्षुल्लक नव्हता. लंडनसारख्या शहरात एक राहतं घर कमी होणं म्हणजे कुणाचा तरी आसरा कमी होणं.

पण दुसरी बाजूही आसऱ्याचीच आहे, बरं का. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता. दोघांच्याही घरी सोय झाली नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस शेवटी सार्वजनिक बागेत जाऊन बसला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तिथून चार-पाच वर्षांनी या लंडनच्या घरात त्यांना राहायला मिळालं, आणि याच काळात रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध आकाराला येत होता.

म्हणून मला वाटतं, परवानगी मिळाली हे योग्यच झालं. मात्र ‘थोर पुरुष इथं राहिले’ एवढ्यावर ते योग्य ठरत नाही. थोर पुरुष पुष्कळ घरांत राहतात, सगळ्यांची संग्रहालयं केली तर माणसांनी राहायचं कुठं? हे घर जपायचं ते, आसरा मिळणं म्हणजे काय आणि नाकारला जाणं म्हणजे काय, हे तिथं समजावं म्हणून. नुसते फोटो आणि पुतळे मांडले, तर परिषदेचा आक्षेप पुन्हा खरा ठरेल. आणि तिथून परतणाऱ्या आपल्या माणसानं आपल्या सोसायटीत भाडेकरूला आडनाव विचारायचं थांबवलं, तर त्या घराचं मूळ काम अजून चालू आहे, असं खुशाल समजावं.